हा घास उंटाचा

१

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण होतं तांदळाचा एक दाणा.

नीलच्या उशीच्या अभ्र्यावर, शिवणीजवळ तो पडला होता. संध्याकाळी भात झाला होता, नील पाच वर्षांचा आहे, त्याच्या अंगावर भात नसेल तर मला उलट काळजी वाटते. मी तो चिमटीत धरायला गेले. दाणा आखडला. मग सावकाश लांब झाला.

मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी आहे, नाशिकहून, फर्स्ट क्लास. माझ्या इकाम्यावर, म्हणजे सौदीतल्या रहिवासी परवान्यावर, 'काम करण्यास परवानगी नाही' असं लिहिलेलं आहे, पण पाहण्यावर बंदी घालायची राहून गेली असावी. तो दाणा काय आहे हे मला दोन सेकंदांत कळलं. टेपवर्मचा सुटलेला तुकडा. कुत्र्याच्या पोटातला.

मी तो टिश्यूत धरला, डबीत टाकला, अभ्रा उकळत्या पाण्यात टाकला, नीलची नखं झोपेतच कापली. हे सगळं व्यवस्थित केलं. मग पलंगावर आडवी झाले आणि छताकडे बघत राहिले, कारण कुत्रा आमच्या बेडरूममध्ये येत नव्हता. एकदाही आला नव्हता. तो रात्री स्वयंपाकघरात असायचा आणि दार मी स्वतः लावायचे.

"नीलच्या पँटला चिकटून आला असेल," शिरीष कूस बदलत म्हणाला. "झोप आता, मंजिरी."

बरोबर होतं. पँटला चिकटून येऊ शकतो. मी स्वतःला हे सकाळपर्यंत सांगितलं.

२

कुत्रा आमचा नव्हता. नूपुरचा होता.

नूपुर म्हणजे शेजारच्या, एक्केचाळीस नंबरच्या विलातली. रियाधच्या पूर्वेकडच्या या कंपाउंडमध्ये विला जोडीजोडीने बांधलेले आहेत, मध्ये एकच भिंत. एक्केचाळीस आणि बेचाळीस ही एक जोडी. तिचा नवरा एचआरमध्ये होता, आणि ज्या जागा आता फक्त सौदींना द्यायच्या त्यांच्या यादीत एचआर सगळ्यात वर आलं. दोन हजार अठराच्या जानेवारीत त्यांना फायनल एक्झिट मिळालं, देश कायमचा सोडायचा शिक्का. बॅगा विमानात गेल्या. कुत्र्याचे कागद काही होईनात.

"तीन महिने फक्त," नूपुर म्हणाली. "खजूरला दुसऱ्या कुणाकडे नाही गं ठेववत. नीलची त्याला सवय आहे."

नीलची सवय तिच्या कुत्र्याला होती, पण माझं दुखणं वेगळं होतं. नीलला तिची सवय होती. तिचा मुलगा पुण्यात होस्टेलवर, त्यामुळे तिच्याकडे आईपणाचा साठा शिल्लक असायचा. शाळेची बस आली की नील आमच्या दारावरून पुढे पळत जाऊन तिची बेल वाजवायचा. तिच्याकडे तो भेंडी खायचा. भेंडी! जी माझ्या ताटातून उचलून तो खिडकीच्या चौकटीत लपवून ठेवायचा, आणि मला ती आठवड्याने सुकलेली सापडायची.

ती जाणार हे कळल्यावर मी तिच्या गळ्यात पडून रडले. त्यातलं निम्मं रडणं खरं होतं.

जाताना तिने एकच गोष्ट मागितली. रोज साडेचारला, खजूरच्या जेवणाच्या वेळी, व्हिडिओ कॉल करायचा. असरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची, अजान होऊन गेली की नील टॅबलेट घेऊन हॉलमध्ये एक्केचाळीसकडच्या भिंतीशी बसायचा, शेजारी खजूरचं स्टीलचं भांडं, आणि स्क्रीनवर नूपुर. तिघं हसायची. मी ओट्याशी उभी राहून कांदा चिरायचे. कांदा हे फार सोयीचं आहे.

तीन आठवडे मी हे सहन केलं. मग नीलला सांगितलं, मावशी बिझी आहे. नूपुरला लिहिलं, नीलची दुपारची झोपायची वेळ बदलली आहे. तिचा नंबर म्यूट केला. टॅबलेट कपाटात, चादरींच्या खाली.

नील रडला नाही. मला त्याचंच बरं वाटलं होतं. पुढच्या सोमवारी साडेचारला तो नेहमीसारखा भिंतीशी जाऊन बसला, खजूर त्याच्या शेजारी, आणि दोघांनी भिंतीकडे तोंड केलं.

३

उशीवर दाणा सापडल्यावर मी दुसऱ्याच दिवशी खजूरला क्लिनिकमध्ये नेलं. लक्षणं मला आधीच दिसली होती, मी ती वाचली नव्हती. तो पुढच्या दोन पायांवर जोर देऊन बूड फरशीला घासत पुढे सरकायचा, आणि नील टाळ्या वाजवायचा, "लुक, ही इज स्केटिंग!" शेपटीखालच्या केसांत वाळलेले पिवळट कण होते. मी त्यांना तीळ समजले होते. पोट भरूनही तो हडकुळा होता.

क्लिनिकच्या लॅबमध्ये ताजुद्दीन होता, म्हसळ्याचा. माझी डबी उघडून तो खूश झाला.

"बरं केलंव वहिनी, नमुना आणलाव. लोक नुसता फोटो दाखवतात, त्यात बोटच जास्त." त्याने काच माझ्याकडे सरकवली. "हा तांदूळ नाय. ही मालगाडी. हे मागचे डबे सुटून बाहेर पडतात, इंजिन आत आतड्याला धरून बसलंय. डबे कितीबी वेचा, इंजिन नवे डबे जोडतंच."

मी सहा वर्षांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. एकेका पिशवीत अंड्यांचे पुंजके, द्राक्षांच्या घडासारखे. मी इतका वेळ बघत राहिले की ताजुद्दीनने घसा खाकरला.

"मी घरी माझ्या मुलाचं जंतांचं सिरप देणार होते याला," मी कबूल केलं. "आम्ही नाशिकहून आणतो. सहा महिन्यांनी सगळ्यांनी घ्यायचं, असं सासूबाईंनी ठरवलंय."

तो हसला. "शेवयांसारखे लांब गोल जंत असते तर गोष्ट वेगळी. शौचात रक्त, आव असती तर आणखी वेगळी. ह्याला ते सिरप लागत नाय. ह्याची गोळी निराळी, आणि ती वजनावर. वजन चुकलं, की इंजिन हलत नाय. आणि वहिनी, पिसवा. हा जंत पिसवेतून येतो. कुत्रा अंग चावतो, पिसू गिळतो, झालं. गोळी दिली आणि पिसवा राहिल्या, तर तीन आठवड्यांनी परत इथं."

"मुलाला होऊ शकतो?"

"पिसू गिळली तर. क्वचित. हात धुवायला लावा, त्याच्या डॉक्टरला दाखवा. घाबरू नका."

घाबरू नका असं मला सांगणाऱ्यांची एक रांग आहे.

घरी मी खजूरला उचलून काट्यावर उभी राहिले, मग एकटी उभी राहिले, वजाबाकी केली, क्लिनिकच्या आकड्याशी ताडून पाहिली. गोळी चिकनच्या तुकड्यात खुपसली. माझ्या हातून त्याने घेतली नाही. नीलच्या हातून लगेच घेतली. मानेवर पिसवांचं औषध सोडलं, त्याचं अंथरूण गरम पाण्यात धुतलं, मागच्या अंगणातली घाण रोजच्या रोज उचलली. नीलला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, तपासणी झाली, त्याच्यात काही निघालं नाही.

"छान," शिरीष रात्री जेवताना म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. त्याच्या प्लँटवर वहाब नावाचा एक सौदी मुलगा त्याच्या हाताखाली दिला होता. शिरीषचं काम शिकायला. "गोड मुलगा आहे गं. वही घेऊन बसतो. आज एक व्हॉल्व्ह मी सांगायच्या आधीच त्याने बरोबर सांगितला."

"मग?"

"मग काय. ज्या दिवशी वहाबला सगळं यायला लागेल, त्या दिवशी माझं खलास."

तो हसत म्हणाला. मी त्याला आणखी एक पोळी वाढली.

४

तीन आठवड्यांनी दाणे परत दिसले.

मी वही काढली. गोळी, तारीख, वजन, पिसवांचं औषध. चूक नव्हती. ताजुद्दीनने दुसरी गोळी दिली, वही वाचली आणि डोकं खाजवलं. "औषध बरोबर हाय, वहिनी. जागा चुकतेय. हा कुठंतरी जातो. तिथं पिसवा हायत."

"कुठे जाणार? कंपाउंडला आठ फुटी भिंत आहे."

"ते त्याला विचारा."

मी बघायला लागले. कुत्र्याला बघायचं ठरवलं की घराला बघावं लागतं. एसीची घरघर मला त्याआधी ऐकू येत नव्हती इतकी सवयीची होती. आता तिच्या खालचे आवाज सुटे ऐकू यायला लागले. पाण्याच्या टाकीचा फ्लोट. फ्रिजचा उसासा. आणि साडेचारला, भिंतीच्या पलीकडून, फरशीवरून स्टीलचं भांडं सरकवल्याचा आवाज.

एक्केचाळीस जानेवारीपासून रिकामा होता.

मी ओट्याशी होते. खजूरचं भांडं माझ्यासमोर होतं, हललं नव्हतं. खजूर आणि नील भिंतीशी. आवाज झाला तसे खजूरचे कान उभे राहिले, आणि नील हसला. हे हसू मी ओळखते. ते त्याच्या नूपुरमावशीचं होतं. माझ्या वाट्याला त्याची दुसरी, शाळेत दाखवायची आवृत्ती यायची.

मेंटेनन्सवाले असतील, मी म्हटलं. एसीच्या डक्टमधून दुसऱ्याच घरातला आवाज येत असेल. मी बुद्धिमान बाई आहे, मला अशी चार-पाच कारणं उभ्याउभ्या सुचतात. त्यांतलं एकही मी तपासायला गेले नाही, कारण तेवढ्यात नील भिंतीला म्हणाला:

"नाही, नाही. आधी उंट."

स्वच्छ मराठीत. माझ्याशी हा मुलगा इंग्लिश बोलतो. 'मम्मा, आय अ‍ॅम डन', 'मम्मा, नॉट भेंडी'. भिंतीशी मराठी.

५

आता उंटाचं सांगायला हवं, कारण तेवढी एक गोष्ट माझी होती.

नील दीड वर्षाचा असताना आम्ही रियाधला आलो. मी त्याला भरवायला बसले, 'हा घास काऊचा, हा घास चिऊचा'. त्याने खिडकीतून पाहिलं. खिडकीत काऊ नव्हता, चिऊ नव्हती. समोर पिवळी भिंत आणि पाण्याचा टँकर. मग मी त्याच्यासाठी नवीन केलं. हा घास उंटाचा. हा घास टँकरवाल्याचा. हा घास वाळूच्या वादळाचा, आणि इथे फुंकर मारायची. हा घास ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बाबाचा. शेवटचा घास आईचा, आणि तो मी खायचा.

हे मी कुणासमोर म्हणत नसे. लाज वाटायची. नूपुरला तर माहीत नव्हतंच. तिच्याकडे तो स्वतःच्या हाताने जेवायचा.

म्हणजे आता त्याने तिला शिकवलं होतं.

मला राग आला तो असा की हातातली सुरी मी खाली ठेवली. कपाट उघडलं, चादरींखालून टॅबलेट काढला. बॅटरी मेलेली होती. चार्ज करून कॉल-लिस्ट पाहिली. फेब्रुवारीनंतर एकही कॉल नव्हता. नीलच्या दप्तरात, खेळण्यांत, उशीच्या आत शोधलं. तिने त्याला फोन देऊन ठेवला असणार असं मला वाटत होतं. पाच वर्षांच्या मुलाच्या टेडीचं पोट मी हाताने चाचपून पाहिलं. त्या क्षणी मला स्वतःची जरा मौज वाटली. जराच.

"नील, तू कुणाशी बोलतोस?"

"खजूरशी."

"आणि उंटाचं कुणाला सांगतोस?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मोठी माणसं मुलांशी खोटं बोलण्यापूर्वी जसं बघतात, तसं.

"शी इज लर्निंग," तो म्हणाला, आणि खेळायला गेला.

त्यानंतर रोज साडेचारला मी ओट्याशी निमूट उभी राहायचे. पलीकडून आधी भांडं. मग गुणगुणणं, बाईचं, शब्द न कळणारं. मग आठवडाभराने शब्द. 'हा घास टँकरचा... हा घास...' आणि थांबणं. वर्गात उत्तर न येणाऱ्या मुलीचं थांबणं. इकडून नील हळूच, प्रेमाने, माझ्याशी कधी न वापरलेल्या सबुरीने, "टँकरवाल्याचा. आणि वादळाला फुंकर मारायची."

पलीकडून फुंकर.

जेवायला बसला की तो ताट सरकवायचा. "पोट भरलंय."

शिरीषला मी सांगितलं. तो शनिवारी घरी थांबला, साडेचारला भिंतीला कान लावला, पंधरा मिनिटं. काही आलं नाही. "मंजिरी," तो सावधपणे म्हणाला, "नूपुरला एक फोन कर आणि सॉरी म्हण. तुझ्या डोक्यातून ती बाई जाईल."

म्हणजे माझ्या डोक्यात आहे हे ठरलं.

६

जागा कुत्र्यानेच दाखवली. मागच्या अंगणात एसीचं जे मोठं खोकं आहे त्याच्यामागे दोन विलांमधली भिंत खाली फुटलेली होती, मांजर जाईल एवढी. खजूर पोट टेकून त्यातून सरपटत गेला. पलीकडे नूपुरने स्वयंपाकघराच्या दाराला त्याच्यासाठी झडप करून घेतली होती. ती हललेली मी ऐकली.

मला खरंच हायसं वाटलं. भांड्याचा आवाज हाच; तो आला तेव्हा खजूर इकडे होता, हे मी मनावर घेतलं नाही. कुत्रा आपल्या जुन्या घरी जातो, जुन्या गादीवर लोळतो, तिथल्या पिसवा खातो, तीन आठवड्यांनी दाणे. दोन अधिक दोन. गुणगुणणाऱ्या बाईचा हिशोब मी पुढच्या पानावर ढकलला.

कंपाउंडची देखभाल करणारे हुसेनमियाँ किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले, हैदराबादचे. "मॅडम, ये विला जनवरी से बंद है. पानी का मेन भी मैंच बंद किया."

आत धूळ होती. मार्चमध्ये दोन वादळं झाली होती आणि रियाधची बंद घरंसुद्धा वाळू आत घेतात. पावडरसारखी, सबंध फरशीवर. स्वयंपाकघरात, दाराशी, खजूरची जुनी गादी. हुसेनमियाँनी ती पायाने उलटली आणि मागे सरकले. "या अल्ला, कित्ते पिस्सू!"

ओट्याखाली स्टीलचं भांडं होतं. आतून ओलं होतं.

मी नळ उघडून पाहिला. त्यातून फक्त हवा आली.

मग मी हॉलमध्ये गेले. आमच्या हॉलचंच ते उलटं चित्र आहे, आरशातल्यासारखं. आमच्या डावीकडे ती भिंत, इथे उजवीकडे. धुळीत खजूरच्या पायांचे ठसे होते, जाण्यायेण्याची वाटच पडली होती. आणि त्या वाटेच्या बाजूने अनवाणी पावलं. बाईची. स्वयंपाकघरातून भिंतीपर्यंत, आणि भिंतीशी दोन पावलं शेजारी शेजारी, बोटं भिंतीच्या पट्टीला टेकलेली. तिथे धूळ पुसली गेली होती, इतका वेळ ती तिथे उभी राहत असणार. पलीकडे बरोबर त्याच जागी नील बसतो.

माझ्या डाव्या पायाची करंगळी वर चढलेली आहे, जन्मापासून. जमिनीला टेकत नाही. बाथरूममधून ओल्या पायाने आले की शिरीष चिडवतो, "तू चोरी करू नकोस हं मंजिरी, चार बोटांची एकटीच आहेस, लगेच सापडशील."

डावं पाऊल चार बोटांचं होतं. सगळी डावी पावलं.

मी सँडल काढली. पाय उचलून त्या ठशावर धरला. टेकवला नाही.

"मॅडम, धूल है, चप्पल पहनो," हुसेनमियाँ मागून म्हणाले. "कोई बच्चा-विच्चा घुसा होएंगा."

मी जानेवारीत कुत्रा न्यायला इथे आले होते. पण तेव्हा सँडल होती, आणि वादळं नंतर झाली. मला फोटो काढायचं सुचलं. फोन हातात होता. फोटो काढला असता तर तो शिरीषला दाखवावा लागला असता, आणि तो अगदी हळुवारपणे म्हणाला असता, 'अगं, हे तर तुझेच पाय.' ते मला कुणाच्याही तोंडून ऐकायचं नव्हतं.

हुसेनमियाँनी त्याच दिवशी गादी जाळली, फवारणी केली, झडपेवर लाकडी फळी ठोकली, भिंतीतलं भोक सिमेंटने बंद केलं आणि फरशी पुसून काढली. माझ्यासमोर. लख्ख.

७

तिसरी गोळी. मानेवर औषध. वजाबाकी. वही.

तीन आठवडे झाले, चार झाले. दाणा नाही. खजूरने बूड घासणं सोडलं, अंगावर मांस धरलं, केसांना तुकतुकी आली. ताजुद्दीनने माझी वही पाहून सांगितलं, "वहिनी, माझी जागा जूनमध्ये एका सौदी माणसाला जाणार हाय. तुम्हाला परवानगी असती तर तुमचंच नाव सुचवलं असतं." माझ्या लग्नानंतर माझ्या शिक्षणाबद्दल कुणी बोललेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य होतं.

भिंतही गप्प होती. नील साडेचारला तिथे बसायचा, थोडा वेळ वाट बघायचा, मग उठून माझ्याकडे यायचा. त्याचं ते येणं मला बघवतही नव्हतं आणि हवंही होतं. जेवायला लागला. एकदा भेंडीही खाल्ली, दोन तुकडे.

जिंकलेल्या माणसाला मोठं मन परवडतं. मी नूपुरला फोन केला.

कॉल मी का बंद केले ते सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मला वाटलंच होतं. मीच जरा जास्त करत होते. माझ्या पोराला कुणी असा लळा लावला असता ना, तर मी फोन भिंतीवर आपटला असता."

मी रडले. या वेळी सगळं खरं होतं. खजूरचे कागद झाल्याचं तिने सांगितलं, पुढच्या महिन्यात ओळखीचे एक जण त्याला मुंबईला आणणार होते. शेवटी मी हसत हसत विचारलं, "नीलने तुला ते उंटाचं कधी शिकवलं गं?"

"कसला उंट?"

"घास. हा घास उंटाचा."

"नाही बाई," नूपुर म्हणाली. "हे काय आहे? सांग ना."

मी सांगितलं नाही.

८

दुसऱ्या दिवशी, मे महिन्यातला मंगळवार. बाहेर पंचेचाळीस डिग्री. असरची अजान होऊन गेली होती. पडदे ओढलेले, एसी चालू. मी मुद्दाम टेबल भिंतीपासून हलवलं होतं आणि स्वतः भिंतीकडे पाठ करून बसले होते, नील समोर, म्हणजे मध्ये मी. वरणभात, लिंबू, तूप. खजूर जमिनीवर, जेवून तृप्त.

मी पहिला घास उचलला.

"हा घास उंटाचा," मी म्हणाले.

नीलने तोंड उघडलं नाही. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. खजूर उठून बसला. त्याची शेपटी फरशीवर एकदा आपटली. मग दोनदा. ओळखीच्या माणसासाठी आपटते तशी.

डक्टमधून येत असेल. माझाच आवाज फिरून येत असेल. मी दुसरा घास उचलला, पण बोलायला उघडलेलं तोंड मी तसंच ठेवलं.

'हा घास टँकरवाल्याचा,' मागून आलं.

माझा आवाज. थोडा जास्त लाघवी. मी नीलशी जसं बोलायचं दर सकाळी ठरवते आणि मग दिवसभर बोलत नाही, तसा. प्रतिध्वनी असता तर नंतर आला असता. मी अजून काही म्हटलंच नव्हतं.

'हा घास वाळूच्या वादळाचा,' आणि माझ्या मानेच्या मागे, केसांच्या मुळाशी, फुंकर. गार. एसी समोरच्या भिंतीवर आहे.

'हा घास ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बाबाचा.' एकही चूक नाही. कुठे थांबणं नाही.

माझा हात घास धरून हवेत होता. वरणाचा एक थेंब टेबलावर पडला. राहिला होता तो शेवटचा घास, आईचा, जो मी खायचा. मी वळून बघायला हवं होतं. मी नीलकडे बघत राहिले, कारण वाटलं, मी वळले आणि परत समोर बघितलं, तर तो कुणाकडे बघत असेल ते मला कळणार नाही.

नीलने पुढे वाकून माझा हात धरला. किती वर्षांनी त्याने आपण होऊन माझा हात धरला होता. त्याच्या चेहऱ्यावर ते हसू आलं, ते खरं, माझ्या वाट्याला कधी न आलेलं, आणि ते माझ्यासाठीच होतं. निरोप देताना मुलं किती शहाणी होतात.

"आई," तो म्हणाला. मम्मा नाही. आई. "तिला आता सगळं येतं."